हे तसले टक्के नाहीत, बाबा

पत्र:

मी हिशेबनीस आहे. बावीस वर्षं टक्क्यांतच काढली. मुलगी अकरावीत आहे आणि तिला सध्या रसायनशास्त्रात संयुगातल्या मूलद्रव्यांची टक्केवारी काढायला शिकवतायत. टक्के म्हटल्यावर मी म्हटलं, आण इकडे वही. पाण्यात हायड्रोजन किती टक्के, याचं तिने ११.१९ असं उत्तर लिहिलं होतं. पाण्यात अणू तीन, त्यातले दोन हायड्रोजनचे, म्हणजे ६६.६७. मी तिचं उत्तर खोडलं. पुढे कॅल्शियम नायट्रेटचं गणित होतं. तिच्या तीन आकड्यांची बेरीज ९९.९९ येत होती. मी शेवटचा ५८.५० खोडून ५८.५१ केला आणि ताळा जमवून दिला. तिसरं मोरचुदाचं. सूत्राच्या मध्ये टिंब होतं, मी गुणाकार समजलो आणि रेणूचं वस्तुमान चौदा हजारांवर गेलं. तेव्हा ती म्हणाली, "हे तसले टक्के नाहीत, बाबा," आणि वही मिटली. तेव्हापासून ती मला काही विचारत नाही. बरोबर कोण, आणि हे प्रकरण मुळात आहे काय, ते मला कळेल असं सांगाल का?
गडबडलेला बाबा

उत्तर:

नमस्कार बाबा,

निकाल आधी सांगून टाकते. तिन्ही ठिकाणी मुलगी बरोबर आहे.

पण तुमच्या तिन्ही चुका एका मापाच्या नाहीत. पहिली चूक मोठमोठ्यांनी केलेली आहे, तिची लाज बाळगू नका. तिसरी हसून सोडून देण्यासारखी आहे. दुसरी, म्हणजे ५८.५० चे ५८.५१ करण्याची, मला खरोखर खुपली. तुम्हाला ती चूक वाटतही नसेल. तुमच्या लेखी तर ती मदत होती.

पहिलीपासून सुरुवात करू. कल्पना करा, एका कचेरीत तीन माणसं आहेत. दोघांना पगाराचा एकेक हिस्सा मिळतो, तिसऱ्याला सोळा. साहेबांनी विचारलं, "त्या दोघांचं प्रमाण किती टक्के?" तुम्ही लगेच उत्तर देणार नाही. तुम्ही विचाराल, "कशाचे टक्के, साहेब? डोक्यांचे की पगाराचे?" डोकी मोजली तर दोघं ६६.६७ टक्के. पगारपत्रक काढलं तर अठरा हिश्श्यांत दोन, म्हणजे ११.११ टक्के. हायड्रोजनच्या अणूचं वस्तुमान साधारण १ आणि ऑक्सिजनचं साधारण १६, त्यामुळे पाण्याचा रेणू म्हणजे हीच कचेरी. अचूक आकडे घेतले, हायड्रोजन १.००८ आणि ऑक्सिजन १५.९९९, की ११.११ चे ११.१९ होतात. मुलीने पगारपत्रक काढलं, तुम्ही हजेरीपट. कचेरीत जो प्रश्न तुम्ही पहिला विचारला असता, तो वहीसमोर बसल्यावर विसरलात, एवढंच.

तुमचे ६६.६७ टक्के काही हवेतले नाहीत. अणूंच्या संख्येची टक्केवारी हीसुद्धा खरी गोष्ट आहे, मिश्रधातूंवर काम करणारे लोक ती नेहमी वापरतात. आणि पाण्यातून वीज सोडून त्याचे घटक वेगळे केले की एका नळीत जमणारा हायड्रोजन दुसऱ्या नळीतल्या ऑक्सिजनच्या दुप्पट भरतो, ते तुमचंच प्रमाण. पण ते आकारमानाचं. रसायनशास्त्रात नुसतं 'टक्केवारी काढा' म्हटलं की ती वस्तुमानाची, असं गृहीत असतं. हे गृहीत कुणी मोठ्याने सांगत नाही, आणि माझ्या मते निम्मा घोळ तिथेच होतो. मी शिकवत असताना फळ्यावर 'टक्केवारी' असा शब्द एकटा कधीच लिहिला नाही. 'वस्तुमानाने टक्केवारी' असाच लिहायचे, आणि तरीही दर वर्षी कुणीतरी अणू मोजायचंच.

वस्तुमानच का? कारण रसायनशास्त्रज्ञाच्या हातात तराजू होता. अणू मोजायची सोय नव्हती. ही टक्केवारी अणुवस्तुमानांच्या कल्पनेपेक्षा जुनी आहे, म्हणजे तुमच्या मुलीला शिकवतात त्याच्या अगदी उलट क्रमाने हा इतिहास घडला. आधी सूत्र, मग टक्के, हा क्रम पुस्तकातला. जोसेफ प्राउस्ट नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ अठराव्या शतकाच्या शेवटी स्पेनमध्ये काम करत होता. त्याच्याकडे सूत्रं नव्हती. त्याने तांब्याचं कार्बोनेट खनिजातलं घेतलं आणि प्रयोगशाळेत बनवलेलंही घेतलं, दोन्ही तपासली, तर घटकांचं प्रमाण तेच. १७९९ मध्ये त्याने हे मांडलं. बेर्तोले या त्याच्याच देशातल्या नामांकित रसायनशास्त्रज्ञाला ते पटलं नाही, त्याच्या मते प्रमाण परिस्थितीनुसार बदलू शकतं. दोघांचा वाद सात-आठ वर्षं चालला आणि शेवटपर्यंत सभ्य राहिला, हे मला त्या वादातलं सगळ्यात अवघड काम वाटतं. प्राउस्ट जिंकला. बेर्तोलेही पुरता हरला नाही. लोखंडाच्या एका ऑक्साइडसारखे काही घन पदार्थ खरंच थोडं प्रमाण मागेपुढे करतात, आणि अशा पदार्थांना पुढे बेर्तोलेचंच नाव मिळालं. पण मुलीच्या वहीतल्या सगळ्या गणितांत प्राउस्टचंच राज्य आहे: पाणी कुठूनही आणा, हायड्रोजन ११.१९ टक्केच.

आणि सूत्राचा घोळ मोठ्यांनीही घातला, तो असा. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टनने आपला अणुसिद्धांत मांडला तेव्हा पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकास एक आहेत असं त्याने धरलं होतं. नीट मोजलं तर तराजू सांगतो की वस्तुमान साधारण एकास आठ. मग ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या आठपट जड असला पाहिजे, असा हिशेब निघतो. दोनास एक धरलं तर सोळापट. टक्के दोन्हीकडे तेच! तराजूवरचा आकडा तोच राहतो, त्याच्यामागची डोकी किती यावर अर्धं शतक वाद झाला. म्हणून म्हटलं, डोकी मोजण्यात चुकलात तर संगत चांगली आहे.

आता रीत. ती तुम्हाला दोन मिनिटांत येईल, म्हणून भराभर सांगते. सूत्रात प्रत्येक मूलद्रव्याचे अणू किती ते बघा. प्रत्येकाची संख्या गुणिले त्याचं अणुवस्तुमान. सगळ्यांची बेरीज म्हणजे रेणूचं वस्तुमान. मग एकेका मूलद्रव्याचा वाटा भागिले ती बेरीज, गुणिले शंभर. संपलं. (ऑक्सिजन वायूच्या रेणूत दोन अणू असतात म्हणून संयुगातल्या ऑक्सिजनला ३२ लावणारे असतात. तसं करू नका, इथे सुटा अणू मोजायचा, १५.९९९.)

कॅल्शियम नायट्रेटकडे येते, कारण तुमची दुसरी चूक तिथे आहे. सूत्र वाचताना कॅल्शियम एक, मग कंसात नायट्रोजन एक आणि ऑक्सिजन तीन, आणि कंसाबाहेर खाली दोन. कंसाबाहेरचा दोन कंसातल्या प्रत्येकाला लागतो, म्हणजे नायट्रोजन दोन, ऑक्सिजन सहा. कॅल्शियमचे ४०.०७८, नायट्रोजनचे २८.०१४, ऑक्सिजनचे ९५.९९४, बेरीज १६४.०८६. टक्के अनुक्रमे २४.४२, १७.०७ आणि ५८.५०. बेरीज ९९.९९.

तो गेलेला एक शतांश कुठे गेला, ते तुम्हाला मी सांगायला नको. तिन्ही आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत कापले, प्रत्येकाची शेपटी थोडी कापली गेली. कॅल्शियमचा आकडा खरा २४.४२५ च्या अगदी उंबरठ्यावर आहे, केसभर कमी पडला म्हणून २४.४२ झाला. तुमच्या हिशेबात अशा वेळी 'राऊंड ऑफ' नावाची एक ओळ टाकता येते. इथे ती ओळ नाही, आणि गरजही नाही. ९९.९९ किंवा १००.०१ आलं तर तो भागाकार बरोबर आल्याचाच पुरावा.

तुम्ही ५८.५० चे ५८.५१ केलेत. ऑक्सिजनचा वाटा ५८.५०२ आहे. ५८.५१ हा आकडा भागाकारातून कुठूनही येत नाही. ताळा जमावा म्हणून एक खरा आकडा तुम्ही खोटा केलात. कचेरीत तुमच्या हाताखालच्या माणसाने शिल्लक जमवायला एखाद्या खात्यात गुपचूप एक भर टाकली, तर तुम्ही काय कराल ते मला माहीत आहे.

यापेक्षा वाईट सवय अशी की शेवटच्या मूलद्रव्याचे टक्के भागाकार न करताच काढायचे, शंभरातून बाकीचे वजा करून. मुलं हे सर्रास करतात, वेळ वाचतो म्हणून. आता त्यात काय होतं बघा. समजा, मुलीने बेरीज बरोबर १६४.०८६ केली, पण नायट्रोजनचे टक्के काढताना दोनाने गुणायला विसरली. नायट्रोजन आला ८.५४ टक्के. तिघांचे भागाकार वेगवेगळे केले असतील तर बेरीज येते ९१.४६, आणि चूक लगेच बोंबलते. ऑक्सिजन वजाबाकीने काढला असेल तर तो येतो ६७.०४, बेरीज तंतोतंत १००.००, आणि उत्तरपत्रिका छान दिसते. नायट्रोजनची चूक ऑक्सिजनच्या अंगावर गेली आणि कुणाला कळलंही नाही. जो घटक वजाबाकीने काढता, त्याच्या खात्यावर बाकी सगळ्यांच्या चुका जमा होतात.

पण ताळ्यावर आंधळा विश्वासही नको, हे तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण तुमचा सगळा जीव ताळ्यात. समजा, ती कंस वाचतानाच चुकली, बाहेरचा दोन फक्त ऑक्सिजनला लावला आणि नायट्रोजन एकच धरला. बेरीज झाली १५०.०७९. टक्के येतात २६.७०, ९.३३, ६३.९६. बेरीज करा. ९९.९९! अगदी बरोबर उत्तराइतकीच देखणी. ताळा फक्त भागाकार तपासतो. सूत्र चुकीचं वाचलं असेल तर चुकीच्या सूत्राची टक्केवारीही शंभरच भरते, कारण वाटे करून बेरीज केली की ती शंभर व्हायचीच. म्हणून ताळा शेवटी, आणि अणूंची मोजणी सुरुवातीला दोनदा. मी विद्यार्थ्यांना कंस फोडून अणूंची यादी वेगळ्या ओळीत लिहायला लावायचे. कंटाळायचे बिचारे.

आता तिसरी, टिंबाची. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, पण निळ्या स्फटिकात प्रत्येक कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू ठाण मांडून बसलेले असतात. सूत्रात कॉपर सल्फेट लिहून मध्ये टिंब देतात आणि पुढे पाच पाणी. ते टिंब 'आणि' म्हणतं. गुणाकार नाही, बेरीज. कॉपर सल्फेटचे १५९.६०२, पाण्याचे पाच गुणिले १८.०१५ म्हणजे ९०.०७५, मिळून २४९.६७७. तुम्ही गुणलेत म्हणून १४,३७६ आले. पाण्याचा वाटा ९०.०७५ भागिले २४९.६७७, म्हणजे ३६.०८ टक्के. हातात कोरडा, कडक, निळा खडा, आणि त्यात एक तृतीयांशाहून जास्त पाणी.

या ३६.०८ शी माझं जुनं भांडण आहे, ते सांगते. कॉलेजात असताना प्रयोग हाच होता: मोरचूद तापवा, पाणी घालवा, किती वजन घटलं ते मोजा. मी अडीच ग्रॅम स्फटिक वजन करून चिनी मातीच्या क्रुसिबलमध्ये, म्हणजे तापवायच्या छोट्या भांड्यात घेतले, बर्नर लावला. निळा रंग कडेकडेने फिका पडत गेला, वाफ निघाली, तडतड थांबली. आत पांढरट भुकटी दिसायला लागली. मी म्हटलं झालं. थंड केलं, वजन केलं: भुकटी १.७८ ग्रॅम. म्हणजे ०.७२ ग्रॅम घट, २८.८ टक्के. पाहिजे होते ३६. मी पुन्हा वजन केलं, तेच. शेजारच्या मुलीचे ३५.९ आले होते आणि तिची वही उघडी होती. मीही माझ्या वहीत ३५.८ लिहून टाकलं. हो, तुमचं ५८.५१ मी एवढं मनाला लावून घेतलं ते उगीच नाही.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी वही पाहिली, मग माझ्या क्रुसिबलमध्ये डोकावल्या आणि म्हणाल्या, "खरा आकडा सांग." मी सांगितला. त्यांनी कागद ओढला आणि म्हणाल्या, चार पाण्यांचे टक्के काढ. पाच नाही, चार. चार गुणिले १८.०१५ म्हणजे ७२.०६, भागिले २४९.६७७, २८.८६ टक्के. मोरचूद पाणी एकदम सोडत नाही. चार रेणू शंभर अंशांच्या आसपास निघून जातात. पाचवा अधिक घट्ट धरलेला असतो, तो जायला दोनशे अंशांच्या वर तापवावं लागतं. मी घाई केली होती, पाचवा रेणू आतच होता, आणि तराजूने मला ते दोन दशांशांपर्यंत अचूक सांगितलं होतं. मी ते खोडून शेजारणीचं उत्तर लिहिलं. (उलट टोकाची घाईही असते. लाल होईपर्यंत तापवत राहिलात तर कॉपर सल्फेटच फुटतं, क्रुसिबलमध्ये काळं कॉपर ऑक्साइड उरतं आणि घट ३६ च्या पुष्कळ वर जाते.)

तेव्हापासून नको तो आकडा आला की मी आधी विचारते, हा कशाचा बरोबर आकडा असेल?

तुम्ही विचारलंय, हे प्रकरण मुळात आहे काय. खरं उत्तर उलट्या दिशेने आहे. सूत्र माहीत असताना टक्के काढणं म्हणजे सराव. खरं काम टक्क्यांवरून सूत्र शोधण्याचं. हातात एक अनोळखी पांढरी पूड आहे, ती कशाची? १८३१ मध्ये युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्यासाठी काचेचं एक उपकरण केलं, पाच फुगे एका त्रिकोणी नळीत गुंफलेलं. पदार्थ पूर्ण जाळायचा. त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं, ते एका नळीत कॅल्शियम क्लोराइड शोषून घेतं. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो त्या फुग्यांतल्या पोटॅशच्या द्रावणात अडकतो. दोन्हींचं वजन किती वाढलं ते मोजायचं.

समजा, पूड १०० मिलिग्रॅम होती. कार्बन डायऑक्साइड १४६.६ मिलिग्रॅम मिळाला आणि पाणी ६०.० मिलिग्रॅम. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन २७.२९ टक्के असतो, म्हणजे पुडीत कार्बन ४०.० मिलिग्रॅम. आणि हायड्रोजन? पाणी ६० मिलिग्रॅम, त्यात हायड्रोजन किती टक्के?

११.१९. तुम्ही खोडलेला आकडा.

६० चे ११.१९ टक्के म्हणजे ६.७१ मिलिग्रॅम. तुमचे ६६.६७ टक्के लावले असते तर ४० मिलिग्रॅम हायड्रोजन आला असता, आणि शंभरातली ऐंशी मिलिग्रॅम पूड कार्बन आणि हायड्रोजनमध्येच संपली असती. त्या एका आकड्यावर रसायनशास्त्राचा एक अख्खा काळ उभा राहिला. पुढे फ्रिट्झ प्रेगल यांनी हीच पद्धत काही मिलिग्रॅमवर चालेल इतकी नाजूक केली, त्याबद्दल त्यांना १९२३ चं नोबेल मिळालं.

उरलेले ५३.२९ मिलिग्रॅम ऑक्सिजन. तो वजाबाकीने काढलेला! हो, लीबिगच्या पद्धतीत ऑक्सिजन थेट मोजायची सोय नव्हती, त्यामुळे जी सवय मी वर वाईट म्हटली ती तिथे नाइलाज होती. आणि सगळ्या मोजमापांच्या चुका खरोखरच ऑक्सिजनच्या अंगावर पडत. नाइलाजाने केलेली वजाबाकी आणि आळसाने केलेली वजाबाकी यांत फरक करते मी.

आता प्रत्येकाला त्याच्या अणुवस्तुमानाने भागा, म्हणजे पगारावरून डोक्यांकडे परत. ४० भागिले १२.०११, ३.३३. ६.७१ भागिले १.००८, ६.६६. ५३.२९ भागिले १५.९९९, ३.३३. प्रमाण एकास दोनास एक. बघा, तुमची डोकी शेवटी आलीच. पूड ग्लुकोज आहे असं म्हणायचा मोह होईल, आणि असेलही, पण थांबा. अॅसिटिक आम्लाचीही टक्केवारी हीच. फॉर्माल्डिहाइडचीही हीच. टक्के फक्त सगळ्यात लहान प्रमाण सांगतात. रेणू त्याच्या किती पट मोठा ते वेगळं मोजावं लागतं. ग्लुकोजचा सहापट निघतो.

कधी तेही पुरत नाही. १८२० च्या दशकात लीबिग चांदीच्या फुलमिनेटवर काम करत होता, जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिडरिश व्होलर चांदीच्या सायनेटवर. पहिला पदार्थ धक्का लागला तरी फुटतो, दुसरा तसा शांत. दोघांची टक्केवारी प्रसिद्ध झाली आणि तीच निघाली: चांदी ७१.९७, कार्बन ८.०१, नायट्रोजन ९.३५, ऑक्सिजन १०.६७ (हे आजच्या अणुवस्तुमानांनी काढलेले आकडे आहेत). लीबिगला आधी वाटलं, व्होलरचंच मोजमाप चुकलंय. चुकलं कुणाचंच नव्हतं. तेच अणू, तितकेच अणू, जोडणी वेगळी. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने १८३० मध्ये अशा जोड्यांना नाव दिलं, ज्याला आज आपण समघटक म्हणतो. लीबिग आणि व्होलर मात्र पुढे जन्मभराचे मित्र झाले.

एक शेवटची गंमत, खास तुमच्यासाठी. खताच्या पोत्यावर तीन आकडे असतात, नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम. युरियावर ४६ लिहिलेलं असतं, आणि युरियाच्या सूत्रावरून नायट्रोजन ४६.६५ टक्के येतो, जुळलं. पण बहुतेक देशांत दुसरा आकडा फॉस्फरसचा नसतोच. तो फॉस्फरस पेंटॉक्साइड म्हणून मांडलेला असतो, तो जुना रिवाज आहे. पोत्यावर १० असेल तर खरा फॉस्फरस ४.३६ टक्केच. पोटॅशियमचंही तसंच, तो ऑक्साइड म्हणून दाखवतात, १० असेल तर खरा ८.३. कुणी फसवत नाही, छोट्या अक्षरात सगळं लिहिलेलं असतं. पण 'कशाचे टक्के, साहेब?' हे विचारणारा माणूस तिथेही लागतो.

आता मुलीबद्दल. तुम्ही टक्क्यांत चुकलात म्हणून तिने वही मिटली, असं मला नाही वाटत. तिने विचारपूर्वक काढलेलं उत्तर तुम्ही न विचारता खोडलंत, म्हणून मिटली. तिला 'मी बरोबर आहे' हे माहीत होतं आणि ते तुम्हाला पटवून द्यायला शब्द सापडले नाहीत. "हे तसले टक्के नाहीत" यापेक्षा नेमकं वाक्य मलाही सुचलं नसतं, पण ते बोलून तिचं समाधान झालं नसणार. तेव्हा तिला रसायनशास्त्र शिकवायला जाऊ नका. तिच्याकडे शिकायला बसा. अमोनियम सल्फेट द्या म्हणावं, त्यात कंस आहे, नायट्रोजन कंसात आहे आणि चुकायला भरपूर जागा आहे. तुम्ही सोडवा, तिने तपासायचं. नायट्रोजन २१.२० आला तर पास. बेरीज काही शतांश इकडेतिकडे झाली तर ओठ आवळून गप्प बसा.

आणि त्याआधी एक काम. तिच्या वहीत दोन ठिकाणी तुमच्या हातची खाडाखोड आहे. तिथे ११.१९ आणि ५८.५० पुन्हा लिहा, आणि शेजारी सही करा. हिशेबाच्या वहीत दुरुस्ती केली की सही लागते, हे तुम्हाला मी काय सांगणार.